नेव्हाडाचं कॉर्पोरेशन, नेव्हिसची कंपनी आणि तुमची मालमत्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ फ्लोरिडात दंतवैद्य आहेत, विवाहित आहेत, स्वतःचा दवाखाना आहे. नावावर राहतं घर, भाड्याने दिलेली तीन घरं आणि शेअर-म्युच्युअल फंडांत साठवलेली पुंजी आहे. एका सल्लागाराने त्यांना योजना दिली आहे: नेव्हाडात एक कॉर्पोरेशन काढा, त्याचे सगळे शेअर कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरच्या कंपनीकडे ठेवा आणि राहत्या घरासकट सगळी मालमत्ता कॉर्पोरेशनच्या नावावर करा. मग कुणीही दावा लावला तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. हे खरं आहे का, आणि करावं का?

माझं मत आधीच सांगतो. ही योजना आहे तशी स्वीकारू नका. तिच्यातला वेगळी कंपनी काढण्याचा विचार कामाचा आहे, पण बाकीच्या भागामुळे आज जे सुरक्षित आहे तेही उघडं पडेल. कारणं सविस्तर लिहितो, कारण अशा योजना विकताना फक्त फायदे सांगितले जातात.

अशा प्रकरणात मी पहिल्यांदा विचारतो ते हे: पैसे मागायला येणारा माणूस कुठून येणार आहे? धंद्यातून, की तुमच्या खाजगी आयुष्यातून? कंपनीचा उपयोग किती, हे सगळं यावर ठरतं.

कंपनी ही मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॅलोमन खटल्यात पक्कं केलं. तो १८९७ चा खटला म्हणून ओळखला जातो. चामड्याचे बूट बनवणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपला चालता धंदा कंपनीला विकला. कंपनीत भागधारक सात: तो स्वतः, बायको आणि पाच मुलं. धंदा बुडाल्यावर धनको म्हणाले की कंपनी म्हणजे हाच माणूस आहे. लॉर्ड्सनी सांगितलं, कंपनी नियमाप्रमाणे नोंदवली आहे, तिचं कर्ज तिचं आहे, मालकाच्या खिशात हात घालता येणार नाही. अमेरिकेतली कॉर्पोरेशनंही याच पायावर उभी आहेत. कंपनीच्या नावावर चालणाऱ्या दुकानात कुणी घसरून पडला आणि दावा जिंकला, तर वसुली कंपनीच्या मालमत्तेतून होते. मालकाचं घर आणि बँक खातं त्यातून बाहेर राहतं.

आता हेच उलट्या बाजूने बघा. तुम्ही गाडी चालवताना अपघात झाला, त्यात तुमची चूक ठरली आणि विम्यापेक्षा मोठ्या रकमेचा हुकूमनामा थेट तुमच्यावर झाला. नेव्हिसची कंपनी तूर्त बाजूला ठेवली (तिच्याकडे नंतर येतो), तर त्या कॉर्पोरेशनचे शेअर ही तुमचीच खाजगी मालमत्ता आहे. धनको त्या शेअरवर जप्ती आणतो, ते लिलावात जातात, आणि शंभर टक्के शेअर ज्याच्या हाती आले तो दुसऱ्या दिवशी नवे संचालक नेमतो आणि आतली घरं विकायला काढतो. म्हणजे तीन घरं एकाच कॉर्पोरेशनमध्ये घालून तुम्ही धनकोचं काम सोपं केलंत, कारण आता त्याला तीनऐवजी एकाच गोष्टीवर जप्ती आणायची आहे. कॉर्पोरेशन तुम्हाला धंद्याच्या देण्यांपासून वाचवतं. तुमच्या खाजगी देण्यांपासून धंद्याला वाचवणं हे त्याचं कामच नाही.

हीच उणीव एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, काही प्रमाणात भरून काढते. तिची मुळं भागीदारीच्या कायद्यात आहेत. इंग्लंडमध्ये पूर्वी एका भागीदाराच्या खाजगी कर्जासाठी शेरीफ येऊन अख्ख्या पेढीच्या मालावर टाच आणायचा आणि ज्यांचा काही दोष नाही त्या भागीदारांचा धंदा बसायचा. हे थांबवण्यासाठी १८९० च्या भागीदारी कायद्यात ‘चार्जिंग ऑर्डर’ आली. धनकोला कोर्टाकडून एवढंच मिळतं की त्या भागीदाराला नफ्याची जी वाटणी झाली असती ती धनकोकडे वळवावी. पेढीच्या कारभारात त्याला बोलता येत नाही, मालाला हात लावता येत नाही, आणि वाटणीच झाली नाही तर त्याला वाट बघत बसावं लागतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी हीच तरतूद एलएलसीला लावली. वायोमिंगने १९७७ साली पहिला एलएलसी कायदा केला, नंतर एकेक राज्य मागोमाग आलं. नेव्हाडाने तर काही छोट्या कॉर्पोरेशनच्या शेअरनाही हे संरक्षण दिलं आहे, आणि तुमच्या सल्लागाराने नेव्हाडाचं नाव घेतलं ते बहुधा यासाठीच.

पण चार्जिंग ऑर्डरमागचा हेतू इतर भागीदारांना वाचवण्याचा होता. जिथे इतर भागीदारच नाहीत तिथे कोर्ट विचारतं, वाचवायचं कुणाला? २००३ साली कोलोरॅडोच्या दिवाळखोरी न्यायालयाने ऑलब्राइट प्रकरणात एकट्या मालकाच्या एलएलसीचा सगळा कारभार दिवाळखोरीच्या विश्वस्ताकडे सोपवला आणि त्याला आतली मालमत्ता विकण्याची मुभा दिली. २०१० साली तुमच्याच फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात फेडरल ट्रेड कमिशन या केंद्राच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेच्या बाजूने निकाल दिला: एकाच सदस्याची एलएलसी असेल तर कोर्ट त्या सदस्याला आपला सगळा हक्क सोडून द्यायला सांगू शकतं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. आज फ्लोरिडात अनेक सदस्यांच्या एलएलसीला चार्जिंग ऑर्डरचं पूर्ण संरक्षण आहे. एकट्या सदस्याच्या बाबतीत मात्र, वाटणीतून रास्त मुदतीत वसुली होणार नाही असं धनकोने दाखवलं, तर त्याचा हिस्सा लिलावात काढता येतो.

म्हणून दुसरा सदस्य हवा, आणि तो खरा हवा. त्याने पैसे घातलेले असावेत, नफ्यात त्याला वाटा मिळावा, करपत्रकात त्याचं नाव दिसावं. बायकोच्या नावावर एक टक्का कागदोपत्री टाकून तिला करारनामा कधी दाखवलाही नाही, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. उलटतपासणीत वकील तिला पहिल्यांदा विचारतो, ‘या कंपनीचं बँक खातं कुठे आहे?’ तिला ते सांगता आलं नाही की दुसरा सदस्य उरतच नाही.

आता तुमचा धोका खरोखर कुठे आहे ते बघू. दंतवैद्याला सगळ्यात जास्त भीती रुग्णाच्या दाव्याची असते, आणि नेमकं तिथेच कंपनी काही करू शकत नाही. आपल्या हातून झालेल्या हलगर्जीची जबाबदारी माणसाची स्वतःची असते. फ्लोरिडाचा व्यावसायिक संस्थांचा कायदा हे स्पष्टच सांगतो, शिवाय तुमच्या थेट देखरेखीखाली काम करणाऱ्याच्या चुकीचीही जबाबदारी तुमच्यावर टाकतो. तेव्हा दवाखाना कोणत्याही नावाने नोंदवा, दाढ काढताना झालेल्या इजेला उत्तर तुमच्या विम्यालाच द्यावं लागेल. दवाखान्याच्या जागेच्या भाडेकरारावर तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर ते देणंही कंपनी अडवत नाही. आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा केला नाही तर प्राप्तिकर संहितेच्या कलम ६६७२ प्रमाणे, ज्याच्या हातात पैशांचा कारभार होता त्याच्याकडून तेवढीच रक्कम दंड म्हणून वसूल होते. चणचण आली की लोक आधी पुरवठादारांची देणी फेडतात आणि पगारकराचे पैसे ‘तात्पुरते’ वापरतात. असं कधीही करू नका.

कंपनी ज्या गोष्टींपासून वाचवते त्या अशा: दवाखान्याच्या दारात कुणी पाय घसरून पडला, स्वागतकक्षातल्या माणसाने काही गोंधळ केला, ज्या पुरवठादाराला वैयक्तिक हमी दिलेली नाही त्याचं देणं राहिलं, भाड्याच्या घराचा जिना कोसळला. या धोक्यांसाठी ती जरूर हवी. फक्त तिला कंपनीसारखं वागवायला हवं.

कोर्ट कंपनीचा पडदा कधी बाजूला करतं, म्हणजे कंपनीच्या देण्यासाठी मालकालाच कधी धरतं, हे दोन जुन्या निकालांवरून चांगलं कळतं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या अपील कोर्टापुढे वॉल्कोव्स्की विरुद्ध कार्लटन हा खटला आला. एका टॅक्सीमालकाने दहा कॉर्पोरेशनं काढली होती, प्रत्येकीत दोनच टॅक्सी आणि कायद्याने लागतो तेवढाच दहा हजार डॉलरचा विमा. टॅक्सीखाली जबर जखमी झालेल्या माणसाने मालकालाच जबाबदार धरायला सांगितलं. कोर्टाने नकार दिला: धंदा अनेक कंपन्यांत वाटणं आणि किमान विमा ठेवणं एवढ्याने मालक पकडला जात नाही, तो कंपनीचा पैसा आपलाच समजून वापरत होता हे दाखवावं लागेल. दुसरा १९७६ चा, डेविट ट्रक ब्रोकर्सचा. फळांचा एक दलाल शेतकऱ्यांच्या पैशातून ट्रकभाडं कापून घ्यायचा आणि ते ट्रकवाल्याला द्यायचाच नाही. त्याच्या कॉर्पोरेशनमध्ये भांडवल जवळजवळ नव्हतं, संचालकांच्या सभा होत नव्हत्या, आणि कंपनीजवळ येणारा पैसा तो दरवर्षी स्वतःकडे काढून घेत होता. चौथ्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने त्याला स्वतःच्या खिशातून भाडं भरायला लावलं. दोघांनीही कंपनीची ढाल धरली होती, पण टॅक्सीवाल्याच्या कंपन्या निदान कंपन्यांसारख्या चालत असल्याचं तरी दिसत होतं आणि फळवाल्याची फक्त कागदावर होती.

फ्लोरिडात तुमच्या बाजूने थोडं झुकतं माप आहे. १९८४ च्या डानिया जाय-अलाय निकालात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मालकाने कंपनीचा गैरवापर केला हे सिद्ध झाल्याशिवाय पडदा हटवता येणार नाही. पण त्यावर विसंबून ढिलाई करू नका. मी कुणाच्या कंपनीची तब्येत बघतो तेव्हा आधी बँकेची विवरणपत्रं मागवतो. कंपनीच्या कार्डावर किराणा, मुलांच्या शाळेची फी, सहलीची विमानतिकिटं दिसली की बाकी कागद कितीही नीट असले तरी मला काळजी वाटते. मग सह्या बघतो. भाडेकरारावर नुसतं ‘अमुक तमुक’ असं नाव आहे, की ‘अमुक एलएलसीतर्फे, व्यवस्थापक’ असं लिहून सही केली आहे? नुसती सही असेल तर भाडेकरूचा वकील म्हणेल की माझ्या अशिलाने करार या गृहस्थांशी केला, कंपनी त्याला ठाऊकच नव्हती. चेक, पावत्या, दुरुस्तीची कंत्राटं, सगळीकडे कंपनीचं पूर्ण नाव आणि तुमचा हुद्दा यायला हवा. यात कष्ट काही नाहीत, सवय लागते.

घरांबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण तुमच्या सल्लागाराची सर्वात महागडी चूक तिथे आहे. जमीन-घर कॉर्पोरेशनमध्ये घालू नका. आत घालताना बहुधा कर लागत नाही, आणि त्यामुळेच माणूस फसतो. दहा वर्षांनी किंमत दुप्पट झालेलं घर परत स्वतःच्या नावावर घ्यायला गेलात, की १९८६ च्या करसुधारणेपासून कायदा असं धरतो की कॉर्पोरेशनने ते बाजारभावाने विकलं. नफ्यावर आधी कॉर्पोरेशनला कर, आणि घर लाभांश म्हणून बाहेर आलं तर तुम्हाला पुन्हा कर. एस-कॉर्पोरेशन (ज्याचा नफा थेट भागधारकांच्या उत्पन्नात धरला जातो) असलं तर दुहेरी कर टळतो, बाजारभावाची भानगड टळत नाही. तुमच्या पश्चात मुलांकडे शेअर त्या वेळच्या बाजारभावाने जातील, पण आतल्या घराची करातली किंमत जुनीच राहील. भागीदारी म्हणून कर भरणाऱ्या एलएलसीत यातल्या बहुतेक अडचणी येत नाहीत. म्हणून भाड्याची घरं एलएलसीतच ठेवावीत.

राहत्या घराचं तर विचारूच नका. फ्लोरिडाच्या राज्यघटनेने होमस्टेडला, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या राहत्या घराला, जे संरक्षण दिलं आहे तसं देशात फार थोड्या ठिकाणी आहे: शहराच्या हद्दीत अर्ध्या एकरापर्यंत आणि बाहेर १६० एकरांपर्यंत, घराची किंमत कितीही असो, सामान्य धनकोला त्याला हात लावता येत नाही. दिवाळखोरीत गेलात तर केंद्राच्या कायद्याने काही मर्यादा येतात, विशेषतः घर घेऊन १,२१५ दिवस झाले नसतील तर. हे संरक्षण माणसाच्या घराला आहे. घर कॉर्पोरेशनच्या नावावर गेलं की हे संरक्षण गेलं. सोबत दरवर्षीच्या करआकारणीतली ३ टक्क्यांची वाढमर्यादा जाते आणि घर विकताना जोडप्याला मिळणारी ५ लाख डॉलरच्या नफ्यावरची करमाफीही जाते. ज्या सल्लागाराने हे न सांगता राहतं घर हलवायला सांगितलं, त्याच्या बाकी सल्ल्याकडेही मी सावधपणे बघेन.

भाड्याच्या घरांवर कर्ज असेल तर नावं बदलण्याआधी बँकेचा करार वाचा. मालकी बदलली तर सगळं कर्ज एकदम मागण्याचा हक्क बँकेला बहुतेक करारांत असतो. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने काही हस्तांतरं त्यातून वगळली, पण एलएलसीला केलेलं हस्तांतर त्यांत येत नाही. शिवाय कर्जाच्या शिल्लक रकमेवर फ्लोरिडाचं मुद्रांकशुल्क लागतं, बहुतेक काउंट्यांत दर शंभर डॉलरला ७० सेंट. आणि घर एलएलसीच्या नावावर झालं त्याच दिवशी विम्याच्या पॉलिसीवर एलएलसीचं नाव चढायला हवं. घर कंपनीचं आणि पॉलिसी जुन्या मालकाची असेल, तर आग लागल्यावर विमा कंपनीला पैसे नाकारायला आयतं कारण मिळतं.

नेव्हाडाबद्दल फार लिहायची गरज नाही. तिथे कॉर्पोरेट प्राप्तिकर नाही हे खरं, पण कमाई फ्लोरिडात होत असेल तर फ्लोरिडाचा कर चुकत नाही आणि केंद्राचा तर मुळीच नाही. दवाखाना नि घरं फ्लोरिडात असतील तर परराज्याची कंपनी म्हणून इथे नोंदणी करावी लागेल, इथेही वार्षिक शुल्क भरावं लागेल. कंपनीचा अंतर्गत कारभार नोंदणीच्या राज्याच्या कायद्याने चालतो, पण वसुलीच्या बाबतीत फ्लोरिडाचं कोर्ट स्वतःचा कायदा लावण्याची शक्यता मोठी आहे, कारण तुम्हीही इथे आहात आणि मालमत्ताही इथेच आहे.

आता नेव्हिस. कॅरिबियन बेटांनी गेल्या चाळीसेक वर्षांत परदेशी लोकांसाठी खास कंपनी-कायदे केले. ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा १९८४ चा आंतरराष्ट्रीय व्यवसाय कंपनी कायदा त्यातला गाजलेला, बहामाने १९९० मध्ये तसाच केला, नेव्हिसने १९९५ मध्ये एलएलसीचा. नेव्हिसचा कायदा धनकोला खरोखर जड जातो: परदेशी हुकूमनामा तिथे आपोआप चालत नाही, दावा लावण्याआधी अनामत भरावी लागते आणि शेवटी हाती चार्जिंग ऑर्डरच येते. विकणारे लोक हे सांगतात आणि ते खोटं नाही.

पण तुमची घरं फ्लोरिडात जमिनीला चिकटलेली आहेत. मालक म्हणून नेव्हिसचं नाव लावलं तरी इथल्या कोर्टाचा त्यांच्यावरचा अधिकार कमी होत नाही. परदेशी कंपनीने काही साधत असेल तर ते फक्त परदेशातच ठेवलेल्या हलत्या पैशाच्या बाबतीत. आणि तिथेही खरी अडचण कोर्टाच्या पुढच्या हुकमाने येते: ‘पैसे परत आणा.’

१९९० च्या दशकातलं एक प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे. टेलिमार्केटिंगमधून लोकांना ६० ते ९० दिवसांत ५० टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या एका जोडप्याने पैसा कूक बेटांवरच्या ट्रस्टमध्ये ठेवला होता. फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला, कोर्टाने पैसे परत आणायला सांगितलं. ते म्हणाले, परदेशी विश्वस्ताने आम्हाला काढून टाकलं, आता आमच्या हातात काही नाही. पण ट्रस्टवर देखरेख करणारे ‘प्रोटेक्टर’ ते स्वतःच होते. नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने १९९९ साली ही सबब फेटाळली. तोवर कोर्टाच्या अवमानाबद्दल दोघांनी सुमारे सहा महिने तुरुंगात काढले होते. दुसरं लॉरेन्स प्रकरण, फ्लोरिडातच गाजलेलं. लवादाचा दोन कोटी डॉलरहून मोठा निकाल लागण्याच्या अगदी तोंडावर एकाने सुमारे ७० लाख डॉलर मॉरिशसच्या ट्रस्टमध्ये टाकले. ते आणता येत नाहीत असं तो सांगत राहिला आणि सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला.

ही ट्रस्टची प्रकरणं असली तरी परदेशी कंपनीला तर्क तोच लागतो, उलट जास्त कडकपणे. कंपनीचे शेअर तुमचे असतील किंवा तुमच्या फोनवर उठणारा संचालक तिथे बसवला असेल, तर ‘माझ्या हातात नाही’ हे म्हणायला जागाच राहत नाही. ताबा तुमच्याकडे असेल तर कोर्ट तो वापरायला लावतं. ताबा खरोखर सोडलात, तर तुमची पुंजी परक्या माणसाच्या भरवशावर परक्या देशात आहे, आणि तिथल्या कोर्टात तुम्हाला न्याय मागायचा झाला तर तोच कडक कायदा तुमच्याही आड येऊ शकतो. हा सौदा ज्याला झेपतो असे लोक थोडे असतात. त्यांची हलती मालमत्ता मोठी असते, कुठलाही दावा दृष्टिपथात नसताना ते हे करतात, स्वतंत्र विश्वस्त नेमतात आणि दरवर्षी सगळं सरकारला कळवतात. परदेशात ज्यांचा खराच धंदा आहे त्यांना तिथे कंपनी लागतेच, त्यांचा प्रश्न वेगळा. तुम्ही यात बसत नाही.

कळवण्याचं ओझंही नीट समजून घ्या. परदेशी कॉर्पोरेशनवर तुमचं नियंत्रण असेल तर दरवर्षी फॉर्म ५४७१ भरावा लागतो, न भरल्याचा दंड प्रत्येक वर्षाला १० हजार डॉलरपासून सुरू होतो. परदेशी खात्यांत मिळून कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा, आणि तो जाणूनबुजून टाळला तर दंड खात्यातल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहून मोठा होऊ शकतो. अशा कंपनीतलं व्याज-लाभांशाचं उत्पन्न तिथेच ठेवलं तरी तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, ही तरतूद १९६२ पासून आहे. किंमत वाढलेले शेअर परदेशी कॉर्पोरेशनमध्ये टाकलेत तर टाकतानाच करदायित्व उभं राहू शकतं. त्यामुळे ‘परदेशी कंपनीने कर वाचतो’ असं कुणी सांगितलं तर तिथेच बोलणं थांबवा.

गुप्ततेचा काळही सरला. २००९ मध्ये स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने अमेरिकेला ७८ कोटी डॉलर दिले, आणि त्यानंतरच्या समझोत्यात सुमारे साडेचार हजार खात्यांची माहिती देणं ठरलं. २०१० च्या फॅटका (FATCA) कायद्याने परदेशी बँकांना अमेरिकी ग्राहकांची माहिती कळवायला लावलं. २०१६ मध्ये पनामा पेपर्समधून दोन लाखांहून जास्त परदेशी कंपन्या-ट्रस्टची कागदपत्रं जगापुढे आली. आणखी एक अलीकडची गोष्ट: खऱ्या मालकाची नावं कळवण्याचा जो केंद्रीय नियम २०२४ पासून लागू झाला, त्यातून मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत काढलेल्या कंपन्यांना वगळण्यात आलं. अमेरिकेत धंद्यासाठी नोंदवलेल्या परदेशी कंपन्यांना मात्र तो आजही लागू आहे.

वेळेबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. धनकोला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर रद्द करण्याचा कायदा १५७१ चा, पहिल्या एलिझाबेथच्या काळातला. त्यावरचा ट्वाइनचा खटला आजही शिकवला जातो. हॅम्पशायरमधला पिअर्स नावाचा माणूस ट्वाइनचे ४०० पौंड आणि दुसऱ्या एका धनकोचे २०० पौंड देणं लागत होता. दुसऱ्याने दावा लावल्यावर पिअर्सने गुपचूप आपली सगळी चीजवस्तू कर्जाच्या बदल्यात ट्वाइनच्या नावे केली. पण ती त्याच्याच ताब्यात राहिली. मेंढ्यांची लोकर तोच कातरत होता, त्यांच्यावर खूणही स्वतःचीच उठवत होता. कोर्टाने त्यावरून फसवणूक ओळखली: सर्वस्व दिलेलं, गुपचूप दिलेलं, दावा चालू असताना दिलेलं आणि तरी वापर त्याचाच. आजचे राज्यांचे कायदे, १९८४ चा नमुना कायदा आणि त्याची २०१४ ची सुधारित आवृत्ती, हीच लक्षणं यादी करून सांगतात, आणि साधारण चार वर्षांपर्यंत मागे जाऊन हस्तांतर मोडता येतं. दिवाळखोरीत, स्वतःच स्वतःसाठी काढलेल्या ट्रस्टच्या बाबतीत, दहा वर्षांपर्यंत. तुमच्या योजनेत राहतं घर, भाड्याची घरं, पुंजी, सगळं एकदम कंपनीकडे जातं आणि तुम्ही त्याच घरात राहता. पिअर्सच्या मेंढ्यांपेक्षा यात फार फरक नाही.

तुमच्या जागी मी असतो तर दवाखान्याचा हलगर्जीविरुद्धचा विमा आधी तपासला असता: मर्यादा किती, आणि दाव्याचा बचाव करण्याचा खर्च त्या मर्यादेतून कापला जातो का. घर-गाडीच्या विम्यावर अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ विम्याची मर्यादा संपल्यावर पुढची भरपाई देणारा विमा, घेतली असती. दवाखाना व्यावसायिक संस्थेतच ठेवून महागडी यंत्रं वेगळ्या एलएलसीत घेऊन दवाखान्याला रीतसर भाड्याने दिली असती. भाड्याची घरं प्रत्येकी वेगळ्या एलएलसीत आणि त्यांच्यावर खऱ्या दोन सदस्यांची एक एलएलसी. राहतं घर जिथे आहे तिथेच.

पुंजीसाठी फ्लोरिडात पतिपत्नींना मोठी सोय आहे. ‘टेनन्सी बाय द एन्टायरटी’ या प्रकाराने दोघांच्या नावावर ठेवलेलं खातं फक्त एकाच्या धनकोला मिळत नाही, आणि २००१ च्या बील बँक निकालाने बँक खात्यांनाही ते नीट लागू झालं. खातं उघडताना फॉर्मवर हा प्रकार स्पष्ट निवडा. दोघांनी मिळून एखादी हमी सही केली तर त्या देण्यापुरतं संरक्षण संपतं, म्हणून बायकोकडे सहीसाठी कागद सरकवणाऱ्या बँकेला आधी ‘का’ ते विचारा. घटस्फोट किंवा एकाचा मृत्यू झाला तरी ते संपतं. निवृत्तिनिधीचं खातं भरता येईल तेवढं भरा. नोकरी-धंद्यातल्या निवृत्तियोजनांसाठीच्या केंद्राच्या एरिसा कायद्याखालच्या योजनेतला पैसा दिवाळखोरीतही धनकोपासून सुरक्षित राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलं आहे, आणि फ्लोरिडाचा कायदा आयआरएलाही (वैयक्तिक निवृत्ती खात्यालाही) तसंच संरक्षण देतो.

हे सगळं आज, कुठलाही दावा नसताना करायचं आहे. एखाद्या रुग्णाच्या वकिलाचं पत्र आधीच आलं असेल तर परिस्थिती बदलते. फ्लोरिडात असा दावा लावण्याआधी नोटीस द्यावी लागते आणि पुढचे ९० दिवस चौकशीचे असतात. त्या दिवसांत एकही मालमत्ता हलवू नका, एकही कंपनी नव्याने काढून तिच्यात काही टाकू नका. नोटीस त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, रुग्णाची कागदपत्रं आहेत तशी जपून ठेवा आणि वकिलाला भेटेपर्यंत त्या सल्लागाराच्या कोणत्याही फॉर्मवर सही करू नका.